क्लेम ओल्डकॉर्नचा शंभरावा बळी

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. वजन साडेचार किलो, पुठ्ठा गडद हिरवा, पाठीवर चामड्याची पट्टी. वेनशायर कौंटी क्रिकेट क्लबचे रविवारचे चाळीस षटकांचे सामने माझ्यात लिहिले गेले. पुढच्या पानांवर प्रत्येक सामन्याचा चेंडू न् चेंडू आहे. मागच्या पन्नास पानांवर खेळाडूंचे विक्रम आहेत. कुणाच्या धावा किती, कुणाचे बळी किती, कुणाची गोलंदाजी सर्वांत सरस, सगळं तिथे सापडतं. आमच्या हॅलोबी गावात दोघांचा वाद जुंपला की तिसरा विचारायचा, "वहीत काय लिहिलंय?" वहीत जे असेल तिथे वाद संपायचा. मला या गोष्टीचा फार ताठा होता. तो कसा उतरला ते मी तुम्हाला सांगणार आहे आणि त्यात काही लपवणार नाही.

माझा जन्म १९६९ सालचा. आमच्या गावात एक बुकबाइंडर होते. ते एरवी चर्चच्या वह्या बांधत, म्हणजे बारसं, लग्न आणि दफन यांच्या. क्लबच्या सेक्रेटरीने माझी मागणी नोंदवली तेव्हा ते म्हणाले, "रविवारी क्रिकेट? म्हणजे देवाला आता सोमवारी वेळ देणार का?" कुरकुर केली, पण हात आखडता घेतला नाही. चर्चच्या वहीला घालतात तोच मेणाचा दोरा त्यांनी मला घातला. म्हणूनच माझं एकही पान आजवर सुटलेलं नाही.

माझी जागा होती धावफलकाखालच्या खोलीत. लांब टेबल, समोर मोठी काच आणि टेबलाशी शेजारी शेजारी बसलेले दोन गुणलेखक, एक आपला आणि एक पाहुण्यांचा. प्रत्येक षटक संपलं की दोघं एकमेकांना आकडे सांगत. "पंचेचाळीस?" "पंचेचाळीस." जुळलं की पुढे. सामना संपला की दोघांच्या सह्या आणि सह्या झाल्या की मग प्रत्यक्ष राजाने सांगितलं तरी आकडा बदलायचा नाही, असा आमचा रिवाज. लिहिताना चूक झालीच तर खोडायचं नाही, खरवडायचं नाही. लाल शाईने एक रेघ मारायची, बाजूला बरोबर ते लिहायचं आणि आद्याक्षरं टाकायची. चूक दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण सगळं पुढे तिच्यावरच येऊन ठेपणार आहे. ज्या चेंडूवर धाव नाही त्याचा ठिपका काढतात. सहाही चेंडूंवर धाव निघाली नाही, म्हणजे षटक निर्धाव गेलं, की ते सहा ठिपके रेघेने जोडून इंग्रजी एम काढायचा. निर्धाव षटकात गोलंदाजाने बळीही घेतला असेल तर बळीच्या चेंडूला फुली करायची आणि ठिपके जोडून एमऐवजी डब्ल्यू काढायचा. गुणलेखकाच्या हाताला याची इतकी सवय होते की डोकं दुसरीकडे असलं तरी हात आपला जोडत राहतो.

१९७४ साली एनिड थ्रोसेल आली. वय चोवीस, टपाल कचेरीत नोकरी, अक्षर छापल्यासारखं. क्लबमध्ये तोवर बाई गुणलेखक झाली नव्हती. सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी चार जणांसमोर सुनावलं, "बघू या, पोरगी वर्षभरात लाल रेघा किती ओढते ते." एनिडने लाल पेन टेबलाच्या पार टोकाला ठेवून दिलं. मला ती मुलगी तिथेच आवडली.

त्या ऑगस्टमधल्या एका रविवारी आभाळ गच्च होतं. काचेवर पावसाचे ओघळ, मैदानात चिखल. आमचा मॉरिस टँकार्ड चेंडू असा काही वळवत होता की पाहुण्यांचे फलंदाज लंगडी घालू लागले. दुसऱ्या टोकाने क्लेम ओल्डकॉर्न. हा क्लेम नळदुरुस्तीची कामं करायचा. बुटका, रुंद, भांडखोर आणि चेंडू टाकल्यावर पंचाकडे अशा नजरेने बघायचा की जणू त्याचे पैसे पंचाने खाल्लेत. सहा गडी बाद झाल्यावर मॉरिसच्या एका षटकात फलंदाजाने चेंडू सरळ परत मारला. मॉरिसने हात घातला. चेंडू त्याच्या बोटांना घासून यष्ट्यांवर आदळला आणि पलीकडचा फलंदाज क्रीजबाहेर सापडला. धावबाद. धावबादचा बळी गोलंदाजाच्या नावावर जात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एनिडलाही ठाऊक होतं. फलंदाजाच्या रकान्यात तिने "धावबाद" असंच लिहिलं. पण लोक मॉरिसच्या नावाने ओरडत होते, मॉरिस हात उंचावून नाचत होता, षटक निर्धाव होतं आणि हाताने आपलं काम केलं. सहा साध्या ठिपक्यांवर तिने डब्ल्यू जोडला.

पाहुणे एकाहत्तरात गारद. बेरीज करायला बसली तर मॉरिस सात, क्लेम तीन, धावबाद एक. अकरा! गडी तर दहाच असतात.

शेजारी पाहुण्यांचे गुणलेखक गॅस्कॉइनसाहेब बसले होते. भले गृहस्थ, पण त्यांची सहा वाजून दहाची गाडी होती. ओला कोट अंगात घालत ते म्हणाले, "अगं, तो शेवटून दुसरा झेल टँकार्डच्याच चेंडूवर होता, तो दोघांच्याही नावावर मोजला गेलाय. ओल्डकॉर्नचे दोनच. कर बरोबर आणि दे इकडे, सही करतो."

एनिडने लाल पेनाकडे पाहिलं. मग पर्समधून दाढीचं पातं काढलं. पेन्सिलीला टोक करायला ती ते ठेवायची. क्लेमच्या षटकातली एक फुली तिने हळूहळू खरवडली आणि तिथे ठिपका काढला. झेलाच्या नोंदीतलं नावही बदललं. मित्रांनो, मला तेव्हा दुखलं. कागदाला दुखतं. त्या जागी मी आजही इतकी पातळ आहे की उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. पण त्याहून जास्त दुखलं ते हे, की त्या दिवसापासून मी खोटं सांगू लागले आणि ते कुणाला कळवायला मला तोंड नव्हतं. एनिडने ते पान पुढे कित्येक वर्षं उघडलं नाही.

मॉरिसचे तेरा धावांत सात बळी माझ्या विक्रमांच्या पानावर सर्वांत वर गेले. त्याला चांदीच्या पट्टीवर बसवलेला चेंडू मिळाला. क्लेमने मंगळवारच्या वर्तमानपत्रात आपले दोन बळी वाचले आणि सरळ क्लबात येऊन थडकला.

"तीन घेतलेत मी. तीन!" तो गरजला. "मला माझे बळी मोजता येतात. नळाचे आटे मोजतो तसे मोजतो मी."

"वहीत दोन आहेत," सेक्रेटरी म्हणाला.

"मग वही चुकली."

सगळे हसले. वही चुकली! असं बोलणारा माणूस हॅलोबीत तोवर जन्माला आला नव्हता.

आमच्या क्लबात मर्यादित षटकांच्या सामन्यांत शंभर बळी घेणाऱ्याचं नाव पॅव्हेलियनच्या जिन्यातल्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत रंगवतात. १९७७ च्या शेवटच्या रविवारी क्लेमने एकाचा त्रिफळा उडवला, टोपी हवेत फेकली आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. त्याच्या हिशेबाने तो शंभरावा होता. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत, कारण वहीच्या हिशेबाने फलकावर त्याचे नव्याण्णवच बळी लागले होते. तो तसाच उभा राहिला, मग टोपी उचलायला वाकला. त्याच्या गुडघ्याची वाट लागलेली होती, पुढच्या हंगामात कोण घेणार त्याला? संपलं.

संपलं असं आम्हाला वाटलं. क्लेमला वाटलं नाही. दर एप्रिलमध्ये मैदानावर रोलर फिरायला लागला की हा जिना चढून वर यायचा. "एनिडबाई, चौऱ्याहत्तरचं पान काढा." एनिड मान वर न करता म्हणायची, "सही झालेली आहे, ओल्डकॉर्न." "सही झाली म्हणजे खरं झालं का?" "आमच्याकडे हो." एकदा थंडीत पॅव्हेलियनचा मोठा पाइप फुटला, तळघरात गुडघाभर पाणी. क्लेम हत्यारांची पेटी घेऊन आला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून राहिला. "आधी पान, मग पाइप." मॉरिसने त्याला दोन पेले पाजले तेव्हा कुठे उठला. गावातली पोरं त्याला "नव्याण्णव" अशीच हाक मारायची. तो ओ द्यायचा नाही. सत्तेचाळीस वर्षांत एकदाही दिली नाही.

एनिड वाईट नव्हती, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. तिने मला उन्हापासून जपलं, कसरीपासून जपलं, माझ्यावर कुणाला चहाचा कप ठेवू दिला नाही. माझी पुढची पानं भरली तरी मागची विक्रमांची पानं ती लिहीत राहिली. वीस षटकांचे सामने आले, रंगीत कपडे आले, तेव्हा त्यांच्यासाठी तिने पट्टी लावून नवे रकाने आखले. "थ्रोसेलबाईंची एका धावेचीही चूक नाही," असं लोक म्हणत. ते ऐकताना ती खिडकीबाहेर बघायची.

मग संगणक आला. हॅना नावाची हुशार मुलगी माझ्या बेरजा त्यात भरू लागली. मॉरिस आता क्लबचा अध्यक्ष होता. पोट सुटलेला, दिलदार, दर वार्षिक जेवणात सात बळींची गोष्ट सांगणारा. त्याच्याच बैठकीत ठरलं की एकदा भरून झालं की जुन्या वह्या रद्दीत द्यायच्या, कपाटाची जागा हवी आहे. मला एका खोक्यात टाकलं. वर फुटकी प्लास्टिकची खुर्ची. पंचावन्न वर्षांची इज्जत, मित्रांनो, आणि वर खुर्ची.

ही बातमी क्लेमपर्यंत पोचली. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो आला. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, प्रत्येक पायरीवर थांबत. खोलीत एनिड, हॅना आणि मॉरिस चहा घेत होते.

"टाकून देण्याआधी एकदा," क्लेम म्हणाला. "यापुढे नाही विचारणार."

"अरे क्लेम, सोड ना बाबा आता," मॉरिस म्हणाला. "नव्याण्णव काय कमी आहेत? एनिड, दाखवून टाक गं त्याला. एकदाचं मिटू दे."

एनिडने कप खाली ठेवला. मग उठली, खुर्ची बाजूला केली, मला दोन्ही हातांनी उचललं आणि पन्नास वर्षांनी ते पान उघडलं. क्लेमचं षटक तिने पाहिलं नाही. ती जागा तिला पाठ होती. तिने मॉरिसचं षटक पाहिलं. डब्ल्यूच्या आत फुली शोधली. एक, दोन, तीन, सहाही ठिपके साधे. तिचं बोट तिथेच थांबलं.

"या ओव्हरमध्ये विकेट नाही," ती म्हणाली. "मी डब्ल्यू काढलाय, पण विकेट नाही. हा रनआउट आहे." मग तिने मला खिडकीशी नेऊन उजेडात धरलं आणि हॅनाला ती पातळ जागा दाखवली. "आणि हे मी पात्याने खरवडलंय. लाल रेघ नको म्हणून. ओल्डकॉर्न, तुमचे तीन होते."

मॉरिस बोलला, आणि त्याचा आवाज जेवणातल्या भाषणासारखा नव्हता.

"तो रनआउटच होता," तो म्हणाला. "बोटाला लागलं होतं ना माझ्या. त्या दिवशी पबमध्ये सगळे सात सात ओरडत होते, तेव्हा वाटलं उद्या सांगू. मग तो चेंडू मिळाला. दरवर्षी सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं, क्लेम. देवाशपथ, वाटायला लागलं."

"तुला वाटत होतं," क्लेम म्हणाला, "आणि पोरं हाका मला मारत होती."

सही झालेला आकडा बदलायचा नाही हा रिवाज एनिडनेच मोडला, पण अशा दुरुस्तीला दोन सह्या हव्यात असं ठरवलं. गॅस्कॉइनसाहेब केव्हाच देवाघरी गेले होते. एनिडने त्यांच्या क्लबला पत्र लिहिलं, दोनदा फोन केला आणि जूनमध्ये त्यांच्या सध्याच्या गुणलेखिका सामन्यासाठी आल्या तेव्हा त्यांना माझ्यापुढे बसवलं. त्यांनी मला उजेडात धरलं, ठिपके मोजले आणि म्हणाल्या, "आमच्या साहेबांना गाडी चुकायची फार भीती. त्यापायी त्यांनी स्वतःच्या लग्नातला केकही अर्धा सोडला होता." आणि सही केली. एनिडने लाल शाईने दोन रेघा मारल्या. रेघा सरळ आल्या. मॉरिसचे सहा, क्लेमचे तीन. मागच्या पानावर क्लेम ओल्डकॉर्न, शंभर. रंगारी आला, भिंतीवर नाव चढलं. क्लेम टाय लावून आला होता. नावासमोर उभा राहून तो म्हणाला, "जरा वाकडं वाटतंय." ते मुळीच वाकडं नव्हतं, त्याचे डोळे भरले होते.

एनिड एवढ्यावर थांबली नाही. ती मॉरिसला म्हणाली, "एक चूक सापडली म्हणजे आणखी असतील. पहिल्या पानापासून चेंडू न् चेंडू तपासल्याशिवाय ही वही कुठेही जाणार नाही. मी इथेच आहे, कुणाला उचलायची असेल त्याने आधी मला उचला." आणि क्लेमकडे वळून, "तुम्ही पन्नास वर्षं माझ्या चुका शोधताय. आता शेजारी बसून शोधा."

दर मंगळवारी दोघं येऊ लागली. क्लेम डुकराचं मांस भरून भाजलेली कचोरी आणायचा, एनिड थर्मासमधून चहा. माझ्या पानांपासून दोन्ही लांब ठेवलेलं असे. क्लेम ठिपके मोठ्याने वाचायचा, एनिड बेरीज करायची. वीस धावा सापडल्या, एक झेल सापडला, पाच लाल रेघा झाल्या. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी १९७२ चं पान आलं. ते एनिडच्या आधीचे पर्सलोसाहेब लिहीत, त्यांना लांबचं कमी दिसायचं. क्लेम स्वतःचंच षटक वाचत होता. "ठिपका, ठिपका, एक, ठिपका, ठिपका, फुली." आणि थांबला.

"पुढे?" एनिड म्हणाली.

"ही फुली माझी नाही."

"तुमच्या नावावर आहे."

"चौथ्या चेंडूला माझा घोटा मुरगळला. मला उचलून बाहेर नेलं. उरलेले दोन चेंडू लेन बिडलने टाकले. ही विकेट लेनची."

एनिडने चष्मा पुसला, पान पाहिलं, उजेडात धरलं. मी स्वच्छ होते, कुठे ओरखडासुद्धा नाही. "वहीत तसं काही नाही, ओल्डकॉर्न."

"वहीत नाही. माझ्या घोट्यात आहे."

"लेन बिडल जाऊन वीस वर्षं झाली. त्याला मूलबाळ नाही. विचारायला येणारं कुणी नाही." तिचा आवाज मऊ झाला. "आणि इतकी वर्षं तुम्हाला हे आठवलं नाही?"

"नाही आठवलं. खरंच. आता वाचताना पाय दुखला तेव्हा आठवलं." तो काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिला. "आपल्याला जे नको असतं ते बरं विसरतं माणूस."

"पुरावा नाही. नियमाने वही खरी." मी एनिडला पहिल्यांदाच विनवण्या करताना ऐकत होते. "राहू द्या ना हो."

"पन्नास वर्षं मी ओरडतोय की वही चुकली," क्लेम म्हणाला. "आज माझ्या सोयीची आहे, तर लगेच ती बरोबर कशी झाली? घ्या ते लाल पेन."

"साक्षीदाराची सही लागते."

"मी आहे ना साक्षीदार."

एनिडने रेघ मारली. लेन बिडल, बेचाळीस. क्लेम ओल्डकॉर्न, नव्याण्णव. त्याने पेन घेतलं आणि स्वतःच्या नावाविरुद्ध सही केली. नळाचे पान्हे फिरवून जाड झालेली बोटं, पण सही वाचता येईल अशी. भिंतीवरचं नाव खरवडायला रंगाऱ्याला आपणच सांगू, असं त्याने बजावलं. मग चष्मा नीट केला आणि विचारलं, "पुढची ओव्हर वाचू?"

मित्रांनो, मला फेकू नका एवढंच मागण्यासाठी मी ही गोष्ट सांगितलेली नाही. कपाटात कुलूपबंद करून जपलं तरी माझ्यासारखीचा काही उपयोग नाही. तसं एनिडने पन्नास वर्षं जपलंच होतं. तुमच्याकडे कुठलीही जुनी वही असेल, शाळेची, गावाची, घरातली, तर ती उघडा. प्रत्येक ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, हे खरं आहे का? जी ओळ तुमच्या फायद्याची असेल तिला दोनदा विचारा. चूक सापडली तर खरवडू नका, लाल रेघ मारा. लाल रेघेने कागद दुखत नाही, हे मी स्वतः सांगते.

माझ्यातले अजून दोनशे अकरा सामने तपासायचे आहेत. ती पंचाहत्तरची, तो एकोणऐंशीचा. घाई दोघांनाही नाही. परवा मंगळवार आहे आणि दोघंही येणार आहेत.